पाळक बदलून जाताना जुन्या पार्सोनेजचे काय करावे?

नाशिकजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीच्या खजिनदारांचा प्रश्न पार्सोनेजबद्दल, म्हणजे मंडळीने पाळकांना राहायला दिलेल्या घराबद्दल आहे. थोडक्यात तो असा: "आमचे पार्सोनेज दगडी आणि कौलारू आहे, वय शंभराच्या आसपास असेल. पाळकसाहेब मेअखेर बदलून जात आहेत, नवे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतील. कमिटीत तीन मते आहेत. घर भाड्याने देऊन पाळकांसाठी फ्लॅट घ्यावा, पाडून नवे बांधावे, किंवा रंगरंगोटी करून चालवावे. सुरुवात कुठून करू?"

सुरुवात छपरापासून आणि कागदांपासून करा, दोन्ही एकाच वेळी. रंग सगळ्यांत शेवटी. पार्सोनेज बिघडते ते बहुतेक वेळा दोन पाळकांच्या मधल्या काळात. जाणाऱ्यांचे लक्ष सामानात असते, येणाऱ्यांना घर माहीत नसते आणि कमिटी किल्ली खिशात घालून मोकळी होते. तुमच्या बाबतीत तर हाच काळ नेमका मृगाच्या तोंडावर येतो. म्हणून मेअखेरची वाट पाहू नका. पाळकसाहेब अजून घरात आहेत तोवर, एप्रिलमध्येच, घर शाकारून घ्या. कोणती खोली कुठे गळते हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. स्वयंपाकघरातला कोणता कोपरा दर जुलैत पातेले मागतो, हे पाळकीणबाईंना विचारा.

छप्पर

आधी कौलांचा हिशेब. चाळीस बाय तीस फुटांचे घर धरले तर जमिनीवर १,२०० चौरस फूट होतात. तीस अंशांच्या उतारावर तेच क्षेत्र साधारण १,३८५ होते आणि वळचणीचा भाग धरून १,५०० च्या घरात जाते. मंगलोरी कौले चौरस मीटरला १५ च्या आसपास लागतात, म्हणजे एकूण सुमारे २,१०० कौले. एका पाख्याला साधारण याच्या निम्मी लागतात.

गवंडी कौले काढू लागला की एकेक कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवा. पक्के कौल खणखणते. चिरलेले कौल बसक्या आवाजात बोलते, मग वरून ते कितीही धड दिसो. खालच्या बाजूचे दोन कान आणि खाचा पाहा. कान तुटलेले कौल रिपेवर धरत नाही, पहिल्या वादळात खाली सरकते आणि वरच्या कौलालाही उघडे पाडते.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे जुन्या कौलांत नवी मिसळणे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, दोन-तीन मिलिमीटरची फट राहते आणि तिरप्या पावसात पाणी तिथूनच आत येते. त्यापेक्षा घरातली सगळी चांगली जुनी कौले गोळा करून एक पाखे पूर्ण जुन्यांचे करा आणि दुसरे पूर्ण नव्यांचे. दोन पाखी जिथे मिळतात त्या पन्हळीतला पत्रा गंजला असेल तर त्याला डांबर फासत बसू नका, पत्रा बदला. तो दोन्हीकडून कौलांखाली किमान सहा इंच गेला पाहिजे. आढ्यावरची कौले बसवताना सिमेंटचा जाड थर देऊ नका, थर कडक झाला की उन्हाने तडकतो आणि त्या भेगेतून पाणी थेट आढ्याच्या लाकडावर उतरते. चुना घातलेला मऊ मसाला वापरा, ओतायचा नाही, फक्त कडेने भरायचा.

कौले उतरली आहेत तोवर वाशांची डोकी तपासा. सागवान मधे शंभर वर्षे टिकते, पण भिंतीत शिरलेले टोक आधी जाते. जाड स्क्रूड्रायव्हर घेऊन टोक टोचा. पाव इंचाच्या आत अडले तर लाकूड ठीक आहे. लोण्यात गेल्यासारखे शिरले, तर अख्खा वासा न बदलता कुजका भाग कापून शेजारी तशाच मापाचा तुकडा दोन बोल्टांनी जोडता येतो. भिंतीतल्या खाचेत टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवा. चारी बाजूंनी सिमेंट दाबून भरले तर लाकडाला श्वास उरत नाही.

आणखी एक सांगतो, कारण ही चूक फार ठिकाणी होते. पाण्याची टाकी कौलारू छपराच्या तुळईवर चढवू नका. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. तिच्यासाठी मागच्या अंगणात वेगळा लोखंडी किंवा आरसीसी स्टँड करा.

भिंती: उन्हाळ्यात हात लावू नका

दगड-चुन्याच्या भिंतीला खाली लोणा (ओलीबरोबर वर येणारे पांढरे क्षार) लागलेला असेल, पोपडे पडत असतील, तर मे महिन्यात घाईने सिमेंटचा गिलावा करून घेण्याचा मोह होतो. नव्या पाळकांना घर चकाचक दिसावे हा हेतू चांगलाच असतो. पण सिमेंट चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही. ती ओल वर चढते, दोन पावसाळ्यांत लोणा खिडकीच्या पातळीपर्यंत येतो आणि सिमेंटचा थर ढलपीसारखा सुटून येतो, सोबत दगडाचा पापुद्रा घेऊन.

भिंतीत पाणी कुठून येते ते आधी शोधा. बहुतेक वेळा कारण साधे असते. वळचणीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशीच पडते, किंवा अंगणात वर्षानुवर्षे टाकलेल्या मुरुमाने बाहेरची जमीन आतल्या शहाबादीपेक्षा वर आलेली असते. बाहेरची माती आतल्या फरशीच्या किमान सहा इंच खाली आणा, भिंतीपासून बाहेर उतार द्या. एक पावसाळा जाऊ द्या. मग नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान सांधे भरा: जुना मसाला वीस-पंचवीस मिलिमीटर खोल खरवडून काढा, सांधा ओला करा आणि एक भाग चुना, एक भाग सुरखी (विटांचा भुगा), दोन भाग चाळलेली वाळू असा मसाला दाबून भरा. चुना आधी भिजवून किमान तीन आठवडे मुरलेला हवा. ताजा चुना भिंतीत गेल्यावर फुगतो आणि सांधे उकलतात. भरल्यावर आठ-दहा दिवस ओले गोणपाट. हे काम कडक उन्हाळ्यात का करायचे नाही, हे गोणपाट दर तासाला कोरडे झाले की लक्षात येईल.

वाळवीचे काम मात्र घर रिकामे असतानाच करून घ्या, फर्निचर सरकवावे लागत नाही आणि लहान मुले घरात नसतात. भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवर बारा मिलिमीटरची भोके एकेक फुटावर पाडायची आणि प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडायचे. बारा बाय बाराच्या खोलीला अठ्ठेचाळीस भोके लागतात. इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के असेल तर लिटरला २.१ मिली, म्हणजे एका खोलीला सुमारे शंभर मिली. कंत्राटदार एका बाटलीत अख्खे घर करतो म्हणाला तर बाटली केवढी आहे ते विचारा. आवारात आड असेल तर त्याच्या बाजूच्या भिंतीला हे औषध सोडू नका, तिथे नुसते लाकूड हाताने रंगवा.

वायरिंग लाकडी पट्टीवरचे असेल तर ते वाळवीसाठी ताटच आहे, पूर्ण बदला. दिव्यांना दीड, प्लगांना अडीच आणि गिझरला चार चौरस मिलिमीटरची तार, मुख्य पॅनेलवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच). उपासनेच्या इमारतीचा मीटर आणि घराचा मीटर वेगळा ठेवा. चर्चचा लाऊडस्पीकर घराच्या लाइनवर चालला की दरवर्षी वार्षिक सभेत बिलावरून वाद ठरलेला.

कागद

आता फ्लॅट घ्यावा की पाडावे या प्रश्नाकडे. आधी हे घर कुणाचे आहे ते पाहा. भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढा, घर गावठाणाबाहेर असेल तर सातबारा. सोबत धर्मादाय कार्यालयातून ट्रस्टच्या अनुसूची १ चा (विश्वस्त आणि मिळकती यांच्या नोंदीचा) उतारा घ्या आणि दोन्हींवरचे नाव व क्षेत्रफळ जुळते का बघा. नाशिक परिसरात बऱ्याच जागा मिशनच्या काळापासूनच्या आहेत. चर्च मिशनरी सोसायटीने १८५० च्या दशकात शरणपूर वसवले, आफ्रिकेतून सुटका झालेल्या गुलामांची मुले तिथे शिकली आणि त्यातली काही पुढे मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनबरोबर आफ्रिकेत गेली. चर्च, शाळा, पाळकांचे घर, दफनभूमी हे सगळे एकाच आवारात असण्याची पद्धत तेव्हाचीच. त्यामुळे अनेकदा मिळकत पत्रिकेवर मूळ मिशनचे नाव तसेच राहिलेले असते, ट्रस्ट असोसिएशनकडे (चर्चच्या मिळकती सांभाळणाऱ्या संस्थेकडे) हस्तांतर झालेले असते आणि स्थानिक कमिटीला मात्र घर "आपलेच" वाटत असते. सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झाली, त्याआधीच्या कागदांवर जुनी नावे दिसली तर दचकू नका. पण सही कुणाची चालेल हे डायोसिसकडून (बिशपक्षेत्राकडून) लेखी घ्या. स्थानिक मंडळी घर वापरते आणि सांभाळते, विकण्या-पाडण्याचा अधिकार सहसा तिच्याकडे नसतो.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ३६ इथे महत्त्वाचे. ट्रस्टची स्थावर मिळकत विकणे, अदलाबदल करणे, बक्षीस देणे, किंवा बिगरशेती जमीन अथवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने देणे, या सगळ्याला धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. "अकरा महिन्यांचा करार करू, मग वाढवत नेऊ" ही पळवाट धोक्याची आहे, सलग नूतनीकरणे कागदावर पुढे काढली की हेतू कुणालाही वाचता येतो. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स असला तरी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो नोंदवणे सक्तीचे आहे आणि जबाबदारी जागामालकाची. बिल्डरशी पुनर्विकासाचा करार तर सरळसरळ कलम ३६ खालीच येतो. कमिटीच्या ठरावावर बिल्डरकडून टोकन घेऊ नका. विश्वस्त बदलले असतील तर कलम २२ चा बदल अहवाल नव्वद दिवसांत गेला होता का हेही बघा, नाहीतर परवानगीचा अर्ज कुणी करायचा इथूनच अडते.

कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या बाजूची जमीन आज काय भावाने जाते हे सगळ्यांना दिसते, म्हणूनच रिकामे पार्सोनेज ही धोक्याची गोष्ट आहे. पाळक फ्लॅटमध्ये राहायला गेले की सहा महिन्यांत आवारात कुणाची तरी गाडी लागू लागते, मग टपरी येते. घरात माणूस राहणे हे सर्वांत स्वस्त कुंपण. शिवाय फ्लॅटच्या स्वतःच्या अडचणी आहेतच. शुक्रवारच्या महिला प्रार्थनेला वीस बाया आल्या की सोसायटीची नोटीस येते. चौथ्या मजल्यावर म्हाताऱ्या सभासदांना चढवत नाही. रात्री दोनला मयताचा निरोप घेऊन येणाऱ्याला वॉचमन फाटकावर थांबवतो. छपराची लाकडे सांगाड्यासकट गेली नसतील तर माझे मत दुरुस्तीच्या बाजूने आहे.

आतली मांडणी

दुरुस्ती करतच आहात तर एक बदल करून घ्या. व्हरांड्यातून थेट उघडणारी एक खोली पाळकांची अभ्यासिका करा, तिला बाहेरून वेगळे दार. व्हरांड्याच्या टोकाला पाहुण्यांसाठी छोटे संडास-बाथरूम. लग्न ठरवायला, भांडण मिटवायला, रडायला आलेल्या माणसाला घरातल्या बैठकीतून, अभ्यास करणाऱ्या मुलांमधून, जावे लागू नये. इंग्लंडमध्येही पाळकांच्या घराची अभ्यासिका पुढच्या दाराजवळच असावी अशी रीत आहे, कारण अडचण तिथेही तीच. स्वयंपाकघर आणि मागचे अंगण मात्र पूर्णपणे कुटुंबाचे असू द्या. आलेल्या माणसाने "पाळकांचे घर म्हणजे मंडळीचेच घर" म्हणत फ्रिज उघडू नये, यासाठी नियम करावा लागत नाही, दाराची जागा पुरेशी असते.

राहण्याचे पत्र आणि कर

नव्या पाळकांना किल्ली देण्याआधी एक पानी पत्र करा. घर सेवेमुळे राहायला दिले आहे, भाडेकरार नाही. बदली किंवा निवृत्तीनंतर किती दिवसांत रिकामे करायचे, सेवेत असताना पाळकांचे निधन झाले तर कुटुंबाला किती महिने राहता येईल, वीजबिल-पाणीपट्टी कुणी भरायची, बांधकामात बदल कुणाच्या संमतीने, पोटभाडेकरू नको. निधनाचा मुद्दा लिहायला अवघड वाटतो, पण तो शांत असताना लिहिलेला बरा. दु:खात असलेल्या विधवेला तारीख सांगण्याची वेळ कमिटीवर येऊ नये. पत्रावर मिळकतधारक ट्रस्टच्या अधिकृत माणसाची आणि पाळकांची सही घ्या. मानधनातून "घरभाडे" या नावाने रक्कम कापू नका, पुढे वाद झाला तर ती नोंद भाडेकरू असल्याचा पुरावा म्हणून पुढे येते.

आयकरात मोफत घर हा पगाराचाच भाग (पर्क्विझिट) धरला जातो, जिथे मानधन पगार म्हणून दिले जाते तिथे. १ सप्टेंबर २०२३ पासूनचे दर शहराच्या २०११ च्या लोकसंख्येवर ठरतात: ४० लाखांहून जास्त असेल तर पगाराच्या १० टक्के, १५ ते ४० लाखांत ७.५ आणि त्याखाली ५. नाशिकची २०११ ची लोकसंख्या १४.८६ लाख, म्हणजे अगदी थोड्या फरकाने खालच्या गटात. २५ हजार मानधन असेल तर वर्षाला १५ हजार रुपये उत्पन्नात मिळवायचे. कमिटीने फर्निचर दिले असेल तर त्याच्या किमतीच्या १० टक्के दरवर्षी वेगळे. घर मंडळीचे नसून भाड्याचे असेल तर प्रत्यक्ष भाडे किंवा पगाराच्या १० टक्के, यांतली कमी रक्कम, म्हणजे याच मानधनावर जास्तीत जास्त ३० हजार. बहुतेक पाळकांना प्रत्यक्ष कर लागणार नाही, पण आकडा चुकीचा दाखवला तर नोटीस पाळकांच्या नावाने येते, कमिटीच्या नाही.

पैसा

दुरुस्तीचा खर्च जाणाऱ्या पाळकांच्या हिशेबात घालायचा विचार कुणी मांडला तर तिथेच थांबवा. इंग्लंडमध्ये कित्येक शतके अशीच रीत होती. पाळक गेला किंवा वारला की घराच्या पडझडीची भरपाई त्याच्याकडून किंवा वारसांकडून मागत, आणि त्यावरून कज्जे चालत. शेवटी तिथे ती रीत मोडून बिशपक्षेत्राने जबाबदारी घेतली आणि दर पाच वर्षांनी सर्वेक्षकाकडून तपासणी करण्याचा नियम आला. तुम्हीही पाच वर्षांचा नेम धरा. दुरुस्तीचा वेगळा खतावणी हेड उघडा आणि घर नव्याने बांधायला लागणाऱ्या खर्चाच्या एक ते दोन टक्के दरवर्षी त्यात टाका. पुनर्बांधणी २४ लाखांची धरली तर वर्षाला २४ ते ४८ हजार, महिन्याला दोन ते चार हजार. कापणीच्या सणाच्या लिलावातला ठरावीक हिस्सा याकडे वळवला तर वर्गणी मागत फिरावे लागत नाही.

परदेशातल्या सभासदांनी पैसे पाठवायची तयारी दाखवली तर आधी पासपोर्टचा रंग विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाचे बँकेतून आलेले पैसे परकीय निधी धरले जात नाहीत. त्याने तिथले नागरिकत्व घेतले असेल, मग ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे) असले तरी, ते परकीय योगदान ठरते. त्यासाठी ट्रस्टची २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आले पाहिजेत. मंडळीच्या नाशिकमधल्या नेहमीच्या खात्यात ते घेऊ नका, हेतू चांगला होता हे उत्तर चालत नाही.

किल्ली देताना

जाणारे पाळक, कमिटीचे दोघे आणि महिला मंडळातली एक बाई मिळून खोलीखोलीने फिरा. वही दोन रकान्यांची करा: मंडळीचे आणि पाळकांचे स्वतःचे. पंखे, ट्यूबलाइट, पडद्यांच्या सळया, इन्व्हर्टरची बॅटरी, गॅसची शेगडी, यावरच भांडणे होतात, कपाटांवर नाही. वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे फोटोसह लिहा. गॅस कनेक्शन पाळकांच्या नावाचे असेल तर ते त्यांनी सोबत न्यायचे, घरात दुसऱ्याच्या नावाचे सिलिंडर सोडू नयेत. नव्या पाळकांच्या मुलांच्या शाळेसाठी पत्त्याचे पत्र आधीच टाइप करून ठेवा, जूनमध्ये ते पहिल्या दिवशी लागते.

आणि बाप्तिस्मा, दफन व लग्नाची रजिस्टरे. लग्नाची रजिस्टरे १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखालची आहेत, ती पाळकांच्या खाजगी पुस्तकांच्या खोक्यात बांधली जाऊन चुकून दुसऱ्या जिल्ह्यात गेली की परत मिळवायला महिने जातात. प्रत्येक रजिस्टर उघडून शेवटच्या नोंदीचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहा, रजिस्टरे भिंतीला न टेकवता लोखंडी कपाटात ठेवा, आणि त्या कपाटाची दुसरी किल्ली सेक्रेटरीकडे.